नळकाकांच्या मुठीतली गिटार

नळकाकांशी हात मिळवायचा तर आधी बोटातली अंगठी काढून खिशात ठेवावी, असं त्यांच्या ओळखीतले लोक एकमेकांना बजावत. यात थोडी अतिशयोक्ती आहे, पण थोडीच. तीस वर्षं नळांचे पाने फिरवून आणि गंजलेले जोड सोडवून त्यांचा पंजा असा काही तयार झाला होता, की इमारतीत कुणाच्या बरणीचं झाकण अडलं किंवा खिडकीची खिट्टी रुसली की ती वस्तू त्यांच्यापुढे येई. ते हसत हसत एकदाच पिळत. झाकण निघे. कधीमधी बरणीही जाई, पण त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे, कारण हे काम ते फुकट करत.

नाव त्यांना होतं. आईवडिलांनी चांगलं भारदस्त नाव ठेवलं होतं. पण तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत ज्याने सगळ्यांच्या मोरीत डोकं घातलंय, त्या माणसाला नावाने कोण हाक मारणार? ते नळकाका झाले आणि त्यांची बायको ओघानेच काकू.

काकूंचं काम जरा वेगळं होतं, आणि ते नीट समजून घेतल्याशिवाय पुढची भानगड कळायची नाही. त्या कपबशांच्या कारखान्यात तपासणीला होत्या. भट्टीतून निघालेला कप डाव्या हाताच्या बोटांवर तोलायचा, उजव्या हातातल्या लाकडी काडीने कडेला हलकेच टिचकी द्यायची आणि समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघत ऐकायचं. धड कप वाजतो. तडा गेलेला कप वाजत नाही, नुसता खोकतो, मग तो तडा डोळ्यांना दिसो न दिसो. वाजला तर फळीवर, खोकला तर टोपलीत. दिवसाला शेकडो कप. एकदा नव्या साहेबांनी टोपलीतला एक कप उचलून "हा तर ठणठणीत आहे की!" असं सगळ्यांसमोर म्हटलं आणि ऐटीत त्यातच चहा मागवला. कपाचे दोन तुकडे झाले आणि चहा साहेबांच्या मांडीवर गेला. तेव्हापासून काकूंनी टोपलीत टाकलेल्या वस्तूकडे वर मान करून बघायची कुणाची छाती झाली नाही.

आता अशा कानाच्या बाईने जर सांगितलं की अमुक माणूस बेसूर आहे, तर त्या माणसाने दाद कुठे मागायची?

अमुक माणूस म्हणजे अर्थातच नळकाका. चोवीस वर्षांपूर्वीची गोष्ट, लग्न होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. काकांकडे तेव्हा एक इलेक्ट्रिक गिटार होती, हातोहात फिरून आलेली, काळी, सडपातळ, आणि तिच्याबरोबर एक छोटा खोक्यासारखा स्पीकर. कामावरच्या एका दोस्ताने ती दिली होती आणि पाच-सहा कॉर्ड, म्हणजे अनेक सूर एकदम वाजवायच्या बोटांच्या पकडी, शिकवल्या होत्या. नव्या नवरीवर छाप पाडायची म्हणून काका रविवारी सकाळी केस चोपून, गिटार मांडीवर घेऊन बसले. काकूंचा गळा गोड. त्यांनी गाणं सुरू केलं, काकांनी साथ सुरू केली, आणि एका ओळीतच काकू थांबल्या.

"अहो, सुराच्या वर जातंय."

काकांनी तारा पुन्हा जुळवल्या. मोकळ्या तारा छेडून दाखवल्या. काकूंनी मान डोलावली, बरोबर आहेत. काकांनी बोटं ठेवून कॉर्ड धरली.

"वर."

असं तीनदा झालं. चौथ्या वेळी काकूंना हसू आवरेना. त्यात कुजकेपणा अजिबात नव्हता, अगदी मायेने त्या म्हणाल्या, "जाऊ द्या हो. तुम्ही बेसूर आहात. असतात काही माणसं." आणि चहा टाकायला उठल्या.

काकू ते वाक्य बोलून विसरल्या. काका विसरले नाहीत. रागावलेही नाहीत. चौथ्या मजल्यावर पाण्याला जोर नसतो, ही जशी एक वस्तुस्थिती, तशी ही दुसरी. गिटार आठवड्याभरात दोस्ताकडे परत गेली. त्यानंतर काका शीळ घालेनासे झाले, आंघोळीला गुणगुणेनासे झाले. काकू घरात गायला लागल्या की ते तोंड मिटून पाने पुसत बसत. बायकोचं गाणं त्यांना जिवापाड आवडायचं. त्या गाण्यात आपलंही काहीतरी असावं, एवढीशी का होईना आपली एक कॉर्ड असावी, असं त्यांना वाटायचं आणि खूप वाटायचं. चोवीस वर्षं हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. बेसूर माणसाने असलं काय सांगायचं?

आणि मग एका मंगळवारी गिटारच्या दुकानातली मोरी गळायला लागली.

दुकान एका बाईचं होतं. वय पस्तिशीचं, चष्मा कायम कपाळावर, जीभ कानशीइतकी खरखरीत. गिटारी विकायची आणि दुरुस्तही करायची. काकांनी पहिल्याच भेटीत मनातल्या मनात तिचं नाव गिटारताई ठेवून टाकलं. मोरीचा जोड त्यांनी पंधरा मिनिटांत बदलला, पण नवा जोड बसवला की अर्धा तास त्याच्यावर नजर ठेवायची, हा त्यांचा नियम होता. तेव्हा ते स्टुलावर बसले. समोर भिंतीवर गिटारी टांगलेल्या. एक डोळा जोडावर होता, आणि डावा हात काहीएक न विचारता आपला आपण उठून पहिल्या गिटारच्या मानेवर गेला.

"अर्धा इंची," काका पुटपुटले. दुसरी. "अर्धाच. जरा चापट." तिसरी. "हं. ही पाऊणला आलीये."

टेबलावर वाकलेली गिटारताई वळली. "काय पाऊण?"

"मान हो, हिची. पाऊण इंची पाइप हातात धरल्यासारखी लागते." काका ओशाळले, पण धंद्याचा विषय निघाल्यावर त्यांना राहवेना. "म्हणजे कसं ताई, अर्धा इंची पाइप बाहेरून अर्धा इंच नसतो. आतून असतो. बाहेरून धरलात तर एकवीस मिलिमीटर. पाऊण धरलात तर सव्वीस-सत्तावीस. ही तिसरी पाऊणपेक्षा मिलिमीटरभर कमी आहे."

गिटारताईने खणातून माप काढलं आणि गिटारींच्या माना मोजल्या. एकवीस. एकवीस. पंचवीस आणि वर थोडं. मग चष्मा कपाळावरून नाकावर आला. दुकानात हा मान फार थोड्यांना मिळत असे.

"काका, वाजवता?"

"छे, छे. मी बेसूर आहे," काका म्हणाले. मी डावखुरा आहे, असं लोक सांगतात, त्या आवाजात.

"कोण म्हणालं?"

"आमची ही. ती कप तपासते."

कप तपासण्याचा इथे काय संबंध, हे गिटारताईने विचारलं नाही. तिने पहिली काळी, सडपातळ गिटार खाली काढून काकांच्या मांडीवर ठेवली. काका नको नको म्हणत राहिले, आणि बोटांनी तेवढ्यात चोवीस वर्षांपूर्वीची कॉर्ड पकडलीसुद्धा. त्यांनी तारांवरून अंगठा फिरवला. आवाज आला तो असा, की गिटारताईने एक डोळा बारीक केला.

"बघा," काका म्हणाले.

"परत," ती म्हणाली. या वेळी ती ऐकत नव्हती, खाली वाकून त्यांचा हात बघत होती. नखं पांढरी पडलेली, मनगटाची शीर वर आलेली, आणि मागून अंगठा असा रुतलेला की गिटारला तोंड असतं तर तिने जीभ बाहेर काढली असती.

"काका, तुम्ही वाजवताय की हिचा जीव घेताय?"

मग तिने गिटार स्वतःकडे घेतली आणि मानेवर आडव्या ठोकलेल्या धातूच्या पट्ट्या दाखवल्या. त्यांना फ्रेट म्हणतात. तार दाबली की ती फ्रेटला टेकते आणि सूर ठरतो. तिने एक तार हलकेच दाबून वाजवली. स्वच्छ सूर. मग बोट तिथेच ठेवून ती काकांसारखी दाबली. सूर सरळ वर चढला.

"बोट तेच, जागा तीच," ती म्हणाली. "हिचे फ्रेट उंच आहेत. तार फ्रेटला टेकली तरी खाली लाकडापर्यंत अजून जागा उरते. तुम्ही थेट लाकूड गाठेपर्यंत दाबता. तार ताणली जाते, सूर वर जातो. टेकली की थांबायचं. बघा करून."

काकांनी हलकेच दाबली. तार झणझणली. झणझणल्याबरोबर त्यांचा पंजा कचकन आवळला आणि सूर वर. पुन्हा हलकेच, पुन्हा झणझण, पुन्हा कचकन.

"अहो, का दाबताय?"

"गळत होतं."

"काय गळत होतं?"

"आवाज." काकांचा चेहरा अगदी प्रामाणिक होता. "झणझणला ना? जोड सैल असला की पाइप असाच झणझणतो. मग आवळायला नको?"

गिटारताई इतकी हसली की चष्मा मोरीत पडला. काकांनी तो काढून दिला, जोड कोरडा आहे ना ते त्याच खेपेला पाहून घेतलं, आणि मग तेही हसायला लागले. कशाला हसतोय ते त्यांना नीट कळलं नव्हतं. हसता हसता एकदम थांबून त्यांनी विचारलं, "म्हणजे ताई, माझा कान...?"

"कानाचं इथे काय काम? हात आहे हा. भिंतीच्या आतली गळती कशी शोधता?"

"पान्याचं एक टोक भिंतीला लावायचं, एक कानाला. पाणी कुठून सुटतंय ते ऐकू येतं."

"आणि म्हणे बेसूर!" ती म्हणाली. "हे बघा, तुमचा हात सुधारायला दोन वर्षं लागतील. तुमच्या हाताला झेपेल अशी गिटार दोन आठवड्यांत सापडेल. मान जाड हवी. बारीक मान मोठ्या पंज्यात सापडली की अंगठा मागून चिमटा काढतो. जाड मान तळव्यात भरून बसते, चिमट्याला जागाच राहत नाही. आणि फ्रेट हवेत बुटके. बोट लगेच लाकडाला लागलं की पुढे दाबायला काही उरत नाही. मग तुम्ही कितीही पैलवानकी करा."

काका दुकानातून बाहेर पडले ते हत्यारांची पिशवी तिथेच विसरून. तीस वर्षांत पहिल्यांदा. रस्त्यावरून ते चालत नव्हते, तरंगत होते. आनंद पोटातून वर येत होता आणि तो कुठे ठेवावा हे त्यांना समजत नव्हतं, म्हणून त्यांनी वाटेतल्या एका अनोळखी माणसाला नमस्कार केला आणि घरी येऊन चार मजले एका दमात चढले. तिसऱ्या मजल्यावर मात्र मनात पाल चुकचुकली. दुकानदार आहे ती. गिऱ्हाइकाला बरं वाटेल असं बोलणारच. फळी की टोपली, हे सांगायचा अधिकार जगात एकाच माणसाला होता, आणि तो माणूस वर घरात गाणं म्हणत कपडे वाळत घालत होता. काकांनी ठरवलं, आधी गिटार सापडू दे.

पुढचे दोन आठवडे काकांचं वागणं भल्या माणसाने बघू नये असं झालं. हाताला मिळेल ती गोल वस्तू ते डाव्या मुठीत धरून डोळे मिटायचे. जिन्याचा कठडा, छत्रीची मूठ, सायकलचं हँडल, बसमधला खांब. बसमध्ये तर खांब सोडून ते उतरेचनात, कंडक्टरला ओरडावं लागलं. शेजारणीचं तान्हं मांडीवर घेतलं तर त्याचं मनगट धरून म्हणाले, "अर्धा इंचीच्या आतच." शेजारणीने बाळ काढून घेतलं.

एकदा काकूंनी त्यांना न्हाणीघरात गाठलं. काका फरशी पुसायच्या फडक्याची काठी गळ्याशी धरून उभे होते, डोळे मिटलेले.

"काय करताय?"

"जाडी बघतोय."

"कशाची?"

"काठीची."

काकूंनी काठीकडे पाहिलं. "किती आहे?"

"पाऊणला कमी."

"बरं," काकू म्हणाल्या आणि बाहेर जाऊन बहिणीला फोन लावला. "अगं, यांचं काहीतरी बिनसलंय. नाही, जेवतायत व्यवस्थित. खुशीत आहेत गं, तीच तर काळजी आहे!"

इकडे दुकानात रोज दुपारी तासभर तपासणी चाले. काळी सडपातळ बाद झाली. एका गिटारची मान मागे मध्यावर होडीच्या बुडासारखी टोकदार होती, ती तळव्यात टोचली. एकीच्या मानेला इतकं जाड रोगण होतं की काकांचा हात चिकटून बसला. मग आली लाल. काय सांगावं त्या लालचं! चकचकीत, कमरेत बारीक, मान भरघोस. काकांनी ती हातात घेतली आणि त्यांना घाम फुटला. आरशात स्वतःला बघून ते वीस वर्षांनी तरुण झाले. पण लालचे फ्रेट होते सगळ्यांत उंच. कॉर्ड वाजली आणि गिटारताईने नुसती मान हलवली.

"घासून बुटके करता येणार नाहीत?" काकांनी अगदी लहान आवाजात विचारलं.

"येतील. मी करणार नाही. नवे कोरे फ्रेट आहेत, मला पाप लागेल."

दोन दिवस काका लालच्या दुःखात होते. तिसऱ्या दिवशी गिटारताईने मागच्या खोलीतून एक गिटार आणली. भिजलेल्या पुठ्ठ्याचा असतो तो रंग. एका बाजूला कधीतरी कुणीतरी काहीतरी आदळलेलं. पाच वर्षं ती कुणी मागितली नव्हती, कारण हल्लीच्या वाजवणाऱ्यांना मान बारीक लागते आणि फ्रेट उंच. हिची मान पंचवीसच्या वर, आणि फ्रेट पहिल्या मालकाने वाजवून वाजवून झिजवलेले, लाकडापासून जेमतेम वर.

"काय हे ध्यान!" काका म्हणाले आणि त्यांनी ती धरली.

धरली आणि बोलायचे थांबले. तळवा भरला. अंगठ्याला मागे जाऊन चिमटा काढावा असं वाटेना, तो मानेच्या कडेवर निवांत पडून राहिला. बोटं तारांवर ठेवली, नेहमीसारखी कचकन दाबली, आणि बोटांना लगेच लाकूड लागलं. जोड बसला. पुढे आवळायला काही नव्हतंच. त्यांनी अंगठा फिरवला आणि ती कॉर्ड दुकानभर अशी पसरली की गिटारताई हातातली कानस खाली ठेवून बघत राहिली.

"झालं," ती म्हणाली. "माझ्या कानाला तरी बरोबर आहे."

"तुमचा कान चांगला आहे ताई," काका म्हणाले, "पण तो कामाचा नाही."

तेव्हा एक कट शिजला. कल्पना काकांची, धीर गिटारताईचा. रविवारी दुपारी काका घरी म्हणाले, "अगं, गिटारच्या दुकानातल्या ताईंना चार गिटारी तपासून हव्यात. कुठली वर जाते, कुठली नाही. मी म्हटलं, असा कान आमच्याच घरात आहे." काकूंना हे पटलं. आपल्या कानाला बाहेरून बोलावणं आलं याचं त्यांना काही नवल वाटलं नाही, उशीर झाला एवढंच वाटलं. त्यांनी ठेवणीतली चप्पल घातली.

दुकानात त्यांनी स्टूल स्वतःच ओढून घेतलं आणि सगळ्यांकडे पाठ करून भिंतीसमोर बसल्या. "मला बघायला लागत नाही," त्या म्हणाल्या. "वाजवा ताई."

गिटारताई बाजूच्या भिंतीला टेकून हाताची घडी घालून उभी राहिली. काळी गिटार काकांनी मांडीवर घेतली. त्यांचे कान लाल झाले होते आणि छातीत असं धडधडत होतं की तेच स्पीकरमधून ऐकू जाईल की काय, अशी त्यांना भीती वाटली. हाच तो क्षण होता. आज ही बाई टोपलीकडे बोट दाखवेल तर ते कायमचं, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी कॉर्ड वाजवली.

"वर," काकू म्हणाल्या.

रोगणवाली. "ही पण वर. ताई, राग मानू नका, पण तुमचा हात फार जड आहे हो."

"सवय आहे काकू," गिटारताई भिंतीजवळून म्हणाली. तिने ओठ दातांखाली धरले होते.

लाल. "वर. आवाज गोड आहे मेलीचा, पण वर. अहो, बायकांचा हात असा? तुम्ही घरी काय दगड फोडता की काय?"

काकांनी पुठ्ठ्याच्या रंगाची गिटार उचलली. मान तळव्यात घेतली. वाजवली.

काकूंनी मान तिरकी केली. भिंतीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "परत."

काकांनी परत वाजवली.

"दुसरी कुठली तरी घ्या."

काकांनी दुसरी कॉर्ड घेतली, मग तिसरी, आणि मग हात थांबेचना. त्या पाच-सहा कॉर्ड एकामागून एक जशा चोवीस वर्षांपूर्वी होत्या तशाच यायला लागल्या, आणि त्यांच्याही नकळत त्या काकूंच्या गाण्याच्या क्रमाने लागल्या. काकूंचं डोकं हलायला लागलं, पाय ताल धरायला लागला.

"ही बरोबर आहे," काकू म्हणाल्या. "अगदी चोख. ताई, हीच ठेवा. आणि हे गाणं तुम्हाला कुठून..."

असं म्हणत त्या वळल्या.

गिटारताई भिंतीशी होती आणि तिचे दोन्ही हात रिकामे होते. गिटार काकांच्या मांडीवर होती. काका लहान मुलाने काच फोडल्यावर बघावं तसे बघत होते, फक्त हसत होते.

"तुम्ही?"

"हो."

"सगळ्या तुम्हीच?"

"सगळ्या मीच. तो जड हातपण माझाच."

काकूंनी तोंडावर हात ठेवला. त्यांना ते वाक्य आठवलं. चहा टाकायला उठता उठता बोललेलं, हलकंफुलकं वाक्य. ते बोलल्यानंतरची चोवीस वर्षं आठवली, त्यात शीळ नव्हती, गुणगुणणं नव्हतं, आणि या माणसाला गाण्याची आवडच नाही असं त्यांनी मैत्रिणींना किती वेळा सांगितलं होतं. त्यांना हसू आलं आणि रडू आलं, दोन्ही एकदम. काय करावं ते न सुचून त्या गायला लागल्या. काका वाजवतच होते, त्यांच्याबरोबर पहिली ओळ, दुसरी ओळ, दोघंही असे खुळ्यासारखे हसत की शब्द अर्धे तोंडात, अर्धे बाहेर. तिसऱ्या ओळीला काकूंनी भरात आवाज चढवला.

"वर गेलीस," काका म्हणाले.

हात थांबला. गाणं थांबलं. गिटारताईने डोळे मिटून घेतले. चोवीस वर्षांत काकूंना असं कुणी म्हणालं नव्हतं, कारखान्यातल्या साहेबांनीसुद्धा नाही.

"काय म्हणालात?"

"वर गेलीस," काका घाबरून म्हणाले. "किंचित. केसभर."

काकूंनी ती ओळ मनातल्या मनात म्हणून पाहिली. मग हळूच मोठ्याने म्हणून पाहिली.

"गेले खरी." त्या काकांकडे बघत राहिल्या. "म्हणजे तुम्हाला ऐकू येतं."

"येतं की."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. तेव्हा आपल्या घरी वर जात होतं, ते मलाही ऐकू येत होतं."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? तू म्हणालीस ते खरंच होतं. वर जातच होतं."

काकूंनी मनगटाने डोळे पुसले. मग त्यांनी त्या मोठ्या पंज्याकडे आणि त्यात निवांत बसलेल्या त्या कुरूप गिटारकडे बघितलं.

"ज्याला सुटलेला सूर ऐकू येतो तो बेसूर कसा असेल हो? माझं चुकलं," त्या म्हणाल्या. हे शब्दही काकांनी पहिल्यांदाच ऐकले. त्यांनी उगाच एक तार छेडली.

काकूंनी स्टूल फिरवलं, ओढत आणलं आणि त्यांच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसल्या.

"घ्या पहिल्यापासून. आणि मी वर गेले की सांगा."

"सांगतो."

"हळू सांगा," काकू कुजबुजल्या. "ताई ऐकतायत."